पंचवीस वर्षं पिंपात, तेरा वर्षं कपाटात

आमच्या मामांकडे ग्लेनफार्क्लास या स्कॉटिश डिस्टिलरीची पंचवीस वर्षांची सिंगल माल्ट व्हिस्की आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गंगापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या काचेच्या कपाटात, पितळी होकायंत्राशेजारी ती उभी असायची. मामा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीअर होते. २०१२ साली जहाज ॲबर्डीनला असताना चार मोकळे दिवस मिळाले, तेव्हा ते थेट डिस्टिलरीवर गेले आणि ही बाटली घेऊन आले. त्यानंतर मामेभावाचं लग्न झालं, मामा निवृत्त झाले, त्यांची साठी झाली. दर वेळी बाटलीचा विषय निघाला आणि दर वेळी ‘अजून जरा जुनी होऊ दे’ म्हणून मागे पडला.

इथेच एक गोष्ट ठासून सांगते, कारण ही समजूत मी नाशकात फार ठिकाणी ऐकते. व्हिस्की बाटलीत जुनी होत नाही. वाइन होते. चांगली रेड वाइन बाटलीत आडवी ठेवली तर पाच-सात वर्षांनी तिचा तुरटपणा मवाळ होतो, वास बदलतो, ती वेगळीच निघते. व्हिस्कीचं वय मोजतात ते पिंपातलं. पिंपातून काढून बाटलीत भरली की ते मोजणं थांबलं. २०१२ ला पंचवीसची होती ती आजही पंचवीसचीच. मामा मात्र मनात अडतीस धरून बसले होते. मी हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग थांबलोय कशासाठी आपण? तू ये रविवारी.”

मला बोलावलं त्याला कारण आहे. मी दिंडोरीकडच्या एका वायनरीत सेलरमध्ये, म्हणजे वाइन करायच्या आणि मुरवायच्या विभागात, काम करते. द्राक्षं आली की क्रशिंगपासून ते बाटली भरेपर्यंत सगळं, पण जीव रमतो तो बॅरल रूममध्ये. बाहेर एप्रिलचं ऊन रटरटत असताना आत सोळा अंशांचा गारवा, आणि ओल्या ओकचा वास. लाकूड आणि मद्य एकत्र ठेवलं की काय होतं हे मी रोज नाकाने पाहते. त्यामुळे या बाटलीकडे मी व्हिस्कीची जाणकार म्हणून गेले नाही, पिंपाशी रोज संबंध येणारी बाई म्हणून गेले. आणि मला जे सांगायचंय तेही पिंपाबद्दलच आहे.

आधी आकड्याचा अर्थ. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ब्रिटनच्या २००९ च्या नियमांप्रमाणे ती स्कॉटलंडमध्येच गाळलेली हवी. सातशे लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं ती तिथेच मुरायला हवी आणि बाटलीत तिची तीव्रता, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, चाळीस टक्क्यांखाली असता कामा नये. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल नावाच्या तांब्याच्या भट्टीत गाळलेली. ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप असा अर्थ नाही, पुष्कळ पिंपं एकत्र करतात. आणि लेबलवर जे वय छापतात ते त्यातल्या सर्वांत कमी वर्षं मुरलेल्या व्हिस्कीचं. म्हणजे मामांच्या बाटलीतला थेंबन् थेंब उशिरात उशिरा १९८७ साली पिंपात गेलेला होता. त्या वर्षी मामा ज्युनिअर इंजिनीअर म्हणून पहिल्या जहाजावर चढले. आमच्याकडे नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली ती २००० साली. तोपर्यंत ही व्हिस्की निदान तेरा वर्षं अंधारात मुरून झाली होती.

आता पिंपात काय होतं ते बघा. आमच्या बॅरलमधली वाइन लाकडातून थोडी थोडी उडून जाते. म्हणून ठरलेल्या दिवशी टॉपिंग करायचं: बंग (पिंपाच्या तोंडाचं बूच) काढायचा, टॉर्च मारून पातळी बघायची, बोट-दोन बोटं खाली गेलेली असते, तेवढी त्याच वाइनने काठोकाठ भरायची आणि बंग पुन्हा हातोडीने बसवायचा. वर हवा राहिली तर वाइन बिघडते, व्हिनेगरच्या वाटेला लागते. दोनशे पंचवीस लिटरच्या बॅरलमध्ये अर्धा लिटर कमी असला तरी मला चैन पडत नाही. व्हिस्कीवाले टॉपिंग करतच नाहीत. पातळी उतरत जाते आणि ते उतरू देतात. वरची जागा हवेने भरते, आणि त्या हवेचंही काम असतं. वाइनला मारणारी हवा तिथे त्या तीव्र मद्याला सावकाश गोलाई देते.

या उडून जाणाऱ्या वाट्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत तो वर्षाला साधारण दोन टक्के धरतात. ही व्हिस्की शेरीच्या, म्हणजे स्पेनमधल्या तीव्र वाइनच्या, पिंपांत मुरते; असं मोठं पिंप पाचशे लिटरचं. दर वर्षी उरलेल्याच्या दोन टक्के असा हिशेब मी मामांच्या डायनिंग टेबलावर बसून केला, तर पंचवीस वर्षांनी जेमतेम तीनशे लिटर उरते. दोनशे लिटर हवेत गेली. हेच पिंप बंगळुरूला ठेवलं तर? तिथे अमृत डिस्टिलरीचे लोक वर्षाला दहा-बारा टक्के जातात असं सांगतात. दहा टक्के धरले तर पंचवीस वर्षांनी पाचशेचे छत्तीस लिटर उरतील. म्हणून आपल्याकडच्या चांगल्या माल्ट व्हिस्की बहुधा कोवळ्या वयातच बाटलीत भरतात. आपल्या उन्हात पिंपाचं काम झपाट्याने होतं, आणि थांबायला वावच राहत नाही.

तिथे वाव आहे, म्हणून थांबायचं की नाही हे कोणाला तरी ठरवावं लागतं. मला या बाटलीत सर्वांत मोठं वाटतं ते हे. दहा वर्षांनी कोणीतरी त्या पिंपाचा बंग काढला असेल, नमुना घेतला असेल, चाखला असेल. तेव्हाच ती विकण्याजोगी होती. पण वही काढून लिहिलं असेल: राहू दे. पंधराव्या वर्षी पुन्हा तेच, अठराव्या वर्षी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी माल कमी झालेला, पैसे अडकलेले, आणि पुढे ती सुधारेलच याची खात्री नाही. काही पिंपं वीस वर्षांनंतर नुसतं लाकूड होऊन बसतात, जीभ सोलवटणारी. काहींची तीव्रता चाळीसच्या खाली जायला लागते, आणि गेली की ती स्कॉच म्हणून विकताच येत नाही, घाईघाईने बाटलीत भरावी लागते किंवा दुसऱ्या पिंपात मिसळावी लागते. माझ्या हातून रोज असे निर्णय होतात, पण माझी मुदत बारा-अठरा महिन्यांची. ज्याने १९८७ साली ते पिंप भरलं, तो ते उघडायला कामावर असेलच असं नाही. तरी त्याने ते नीट भरलं.

ग्लेनफार्क्लासचं नाव या बाबतीत घ्यायलाच हवं. स्कॉटलंडमधल्या बहुतेक डिस्टिलऱ्या आज मोठमोठ्या कंपन्यांच्या हातात आहेत. ही मात्र ग्रँट घराण्याकडेच राहिली. जॉन ग्रँट यांनी ती १८६५ साली ५११ पौंड १९ शिलिंगांना घेतली आणि आता सहावी पिढी तिथे आहे. जुना साठा राखून ठेवणं त्यांना परवडतं ते बरंचसं यामुळेच, दर तिमाहीला भागधारकांना उत्तर द्यायचं नसतं. त्यांच्या भट्ट्याही जुन्या पद्धतीच्या. स्पेसाइड या स्कॉटलंडच्या व्हिस्की-भागातल्या मोठ्यांत मोठ्या पॉट स्टिलमध्ये त्यांची गणना होते, आणि त्यांना खालून थेट गॅसची आच देतात. बाकी बहुतेकांनी वाफेच्या नळ्या बसवल्या. यांनीही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ लावून पाहिली, चव हलकी झाली म्हणून काढून टाकली. थेट आचेवर तळाला लागू नये म्हणून आत साखळ्यांचं एक यंत्र फिरत राहतं, तळ खरवडत. इंजिनीअर असल्यामुळे मामांना चवीपेक्षा त्या यंत्राचंच जास्त आठवत होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना आठवत होती. डिस्टिलरीत पाहुण्यांसाठी एक दालन आहे, त्याला शिप्स रूम म्हणतात. १९५२ साली भंगारात काढलेल्या ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’ या प्रवासी जहाजातलं ओकचं पॅनेलिंग आणून त्यांनी ते दालन सजवलंय. मामा सांगत होते, “मी आत गेलो आणि मला आधी लाकूडच दिसलं. ज्याने ते बसवलं त्याचे सांधे बघ, एवढी वर्षं समुद्रावर हलून एक फट नाही.” व्हिस्की घ्यायला गेलेला माणूस अर्धा तास भिंतीला हात लावत उभा होता. मग त्यांनी गोदाम पाहिलं. जाड दगडी भिंती, स्लेटचं छप्पर, मातीची जमीन, तीनच थरांत रचलेली काळी पडलेली पिंपं. तिथून बाहेर पडताना त्यांनी ठरवलं की घ्यायची तर शेरी पिंपातली जुनीच घ्यायची.

रविवारी संध्याकाळी मी गेले. निफाडचा पारा रोज पेपरात पहिल्या पानावर येतो ते दिवस होते, हॉलमध्ये चांगला गारठा होता, आणि अशा चाखणीला तो बराच बरा. उन्हाळ्यात ग्लासातलं अल्कोहोल नाकावर धावून येतं आणि बाकी काही कळतच नाही. वायनरीतून मी आमचे नेहमीचे आयएसओ टेस्टिंग ग्लास आणले होते, खाली फुगीर, वर तोंडाशी निमुळते. व्हिस्कीसाठी ग्लेनकेर्न नावाचा वेगळा ग्लास मिळतो, पण या ग्लासांनी उत्तम काम होतं. रुंद तोंडाचे कट ग्लासचे पेले मामांनी कपाटातून काढून ठेवले होते, ते मी परत आत ठेवायला लावले. त्यांच्यात वास टिकतच नाही.

मामीने नुकतीच देवापुढे उदबत्ती लावली होती. मी मामांना म्हटलं, “मामा, ती विझून वास जाईपर्यंत बाटलीला हात नको लावू या.” मामीनेही गॅसवरची फोडणी पुढे ढकलली. खिडक्या उघडून आम्ही अर्धा तास नुसते बसून राहिलो.

बाटली उभी ठेवली होती हे मामांनी अगदी बरोबर केलं होतं. वाइनची बाटली आडवी ठेवतात, कॉर्क ओला राहावा म्हणून. व्हिस्की आडवी ठेवली तर तीव्र मद्य कॉर्क पोखरतं आणि चव बिघडवतं. पण उभ्या बाटलीचा कॉर्क सुकतो, आणि नाशिकचे तेरा उन्हाळे त्याने काचेच्या कपाटात काढले होते. मामांनी सावकाश पिळ दिला, तर टोपी हातात आली आणि कॉर्क आतच. ते एकदम गप्प झाले. माझ्या पिशवीत दोन पात्यांचा ओपनर असतोच. कॉर्क आणि काच यांच्या मधून एक पातं सरकवायचं, मग दुसरं, आलटून पालटून जरा जरा खाली दाबत न्यायचं, आणि मग फिरवत फिरवत वर. भोसकायचा स्क्रू अशा कॉर्कचा भुगा करतो. हा जवळजवळ अख्खा आला, खालचा एक तुकडा तेवढा तुटून आत पडला. स्टीलच्या बारीक जाळीच्या नरसाळ्यातून सगळी व्हिस्की स्वच्छ काचेच्या जगमध्ये गाळून घेतली, बाटली निथळवली आणि परत भरली. मामा पुढे होऊन बघत होते, एक थेंब टेबलावर पडला नाही.

रंग गडद सोनेरी-तांबूस. तिथे साधा कॅरमल रंग घालायला कायद्याने मुभा आहे, पण ग्लेनफार्क्लासवाले तो घालत नाहीत, म्हणजे हा रंग पिंपाचाच. ग्लास तिरपा करून सरळ केला की आतल्या बाजूने ओघळ उतरतात, ते फार संथ होते, एकेक सुटा.

वास घेताना वाइनसारखं नाक आत खुपसायचं नाही आणि ग्लास जोरात फिरवायचाही नाही. हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे अल्कोहोलचा चटका बसत नाही. पहिल्यांदा मला फारसं काही मिळालं नाही. मिटलेला वास, पॉलिश केलेलं लाकूड आणि थोडी काळी मनुका. इतकी वर्षं कोंडून राहिलेल्या मद्याला हवा लागावी लागते. आम्ही वीस मिनिटं ग्लास झाकून ठेवले. मग झाकण काढलं आणि हॉलमधली हवाच बदलली. संत्र्याची वाळलेली साल, अंजीर, अक्रोड, जायफळ, मागे कॉफी, आणि त्याहीमागे मेणाचा एक मंद वास. मी वहीत एकेक लिहीत होते. मामी पीत नाही. तिने नुसता ग्लास हातात घेतला, दोनदा हुंगला आणि म्हणाली, “अगं, हा डिंकाच्या लाडवांचा वास आहे.”

खारीक, सुंठ, जायफळ, भाजलेला डिंक, गूळ. माझ्या वहीतले सगळे शब्द त्या एका वाक्यात बसत होते. मी ते खाली लिहिलं आणि वरची यादी खोडली.

घोट अगदी छोटा घ्यायचा, जिभेवर पसरू द्यायचा, गिळायची घाई नाही. त्रेचाळीस टक्के तीव्रता आहे, पण जाळ अजिबात जाणवला नाही. आधी गोडी, काकवीची, फार गोड नाही. मग सुकामेवा, मग संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, आणि मग लाकूड. हा भाग मला ओळखीचा. टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश, हिरड्यांना धरतं, गालाच्या आतून तोंड कोरडं करतं. युरोपियन ओकमध्ये ते जास्त असतं. अमेरिकन ओकच्या पिंपातून व्हॅनिला आणि खोबऱ्याची गोडी जास्त येते. आमच्या बॅरल रूममध्ये डोळे मिटून मी दोन्ही ओळखू शकते. इथे मात्र एक गोष्ट मी याआधी कधी अनुभवली नव्हती. लाकूड कुठे संपतं आणि मद्य कुठे सुरू होतं ते मला सांगता येईना. आमच्या वाइनमध्ये फळ वेगळं कळतं, ओक वेगळा कळतो, दोघांचं जमलंय की नाही तेही कळतं. इथे ते वेगळे काढताच येत नव्हते. गिळल्यावर चव बराच वेळ राहिली, बदलत राहिली. शेवटी डार्क चॉकलेट आणि कोरडं लाकूड.

शेवटचा तो कोरडेपणा मला जरा जास्त वाटला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. याच घरची पंधरा वर्षांची, शेहेचाळीस टक्क्यांची व्हिस्की मी पूर्वी चाखली आहे, ती जास्त तरतरीत आहे, फळ जास्त मोकळं आहे. रोजच्या आनंदासाठी कोणी विचारलं तर मी पंधराचीच सांगेन. वय वाढलं की चव चढतीच राहते असं नसतं. पंधराव्या वर्षी जे होतं त्यातलं काही गेलं आणि त्या जागी दुसरं आलं. मेणाचा तो वास, ती एकजीव झालेली चव, ही मात्र वर्षांशिवाय येत नाही.

शेरीच्या पिंपांबद्दलही थोडं सांगायला हवं. स्पेनमधल्या हेरेसहून पूर्वी शेरी लाकडी पिंपांतून ब्रिटनला जायची, तिथे बाटल्यांत भरली जायची आणि रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना स्वस्तात मिळायची. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असं ठरलं आणि ती वाट बंद झाली. तेव्हापासून व्हिस्कीसाठी मुद्दाम नवी पिंपं करवून घेतात, त्यांच्यात वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात, म्हणजे लाकूड तयार होतं, आणि मग ती उत्तरेला पाठवतात. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचं उलट आहे. अमेरिकेत बर्बनला दर वेळी नवीकोरी जाळलेली ओकची पिंपं लागतात, म्हणून एकदा वापरलेली ढिगाने बाजारात येतात आणि स्कॉच बरीचशी त्यांच्यातच मुरते. आमच्या वायनरीत चार-पाच हंगामांनंतर बॅरलचा जोर संपतो, मग त्यांची टेबलं होतात, अर्धी कापून कुंड्या होतात. पंचवीस वर्षं एकाच मद्याला पुरणारं पिंप कसलं असेल, मी हात लावून बघायला काहीही देईन.

पाण्याबद्दल मामांचा आणि माझा वाद झाला. त्यांचं सगळं आयुष्य व्हिस्कीत अर्धा ग्लास पाणी आणि बर्फ घालण्यात गेलं. मी बर्फाला ठाम नाही म्हटलं, गार झालं की वास मिटतो. पाणी ड्रॉपरने तीन थेंब. थोडं पाणी घातल्यावर वास का खुलतो यावर स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर अभ्यास करून दाखवलं होतं: ग्वायाकोलसारखे सुगंधी रेणू तीव्रता जास्त असताना अल्कोहोलने वेढलेले असतात, पाणी वाढलं की ते पृष्ठभागाकडे येतात. पण ही त्रेचाळीसवर आधीच आणलेली आहे, तिला फार गरज नव्हती. तीन थेंबांनी संत्रं पुढे आलं, लाकूड मागे सरलं. आणखी पाच थेंबांनी सगळंच विरळ झालं. मामांनी दोन्ही ग्लास आलटून पालटून हुंगले आणि तीन थेंबांवाला स्वतःकडे ओढला.

मामेभाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं मत होतं की उघडायला नकोच होती. त्याच्याकडे कारणं होती: मॅकॅलन या स्कॉटिश डिस्टिलरीची १९२६ सालची, साठ वर्षं पिंपात राहिलेली एक बाटली नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात जवळजवळ बावीस लाख पौंडांना गेली. पिंपातून चाळीसच बाटल्या निघाल्या होत्या. जुन्या स्कॉचची किंमत वाढते हे खरं आहे. पण मामांची बाटली त्या जातीची नाही, ती आजही भरली जाते. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय कोणाला बाटली विकणंच गुन्हा आहे. मुख्य म्हणजे ज्याने ते पिंप पंचवीस वर्षं राखलं त्याने ते कोणाच्या तरी जिभेसाठी राखलं होतं. कपाटात ठेवून आपण त्यात काहीच भर घालत नाही, उलट सुकलेल्या कॉर्कमधून थोडं थोडं घालवतोच. आयात शुल्क कित्येक वर्षं दीडशे टक्के होतं, त्यामुळे आपल्याकडे अशा बाटल्यांना दागिन्याची किंमत आली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करारावर सह्या झाल्या, त्यात शुल्क आधी पंचाहत्तर आणि मग दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणायचं ठरलंय. तेवढ्याने का होईना, लोक कपाटं उघडतील अशी मला आशा आहे.

(आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला वय पंचवीस लागतं आणि परवाना लागतो. मामांचा आजन्म परवाना आहे, माझाही आहे. तुमचा काढला नसेल तर काढून घ्या.)

अर्ध्याहून जास्त व्हिस्की अजून उरली आहे. एकदा उघडली आणि आत हवा वाढली की चव हळूहळू उतरते, म्हणून मी उरलेली व्हिस्की शंभर-शंभर मिलीच्या काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून, मामांच्या बेडरूममधल्या अंधाऱ्या कपाटात ठेवली आहे. काचेच्या कपाटात ऊन येतं, तिथे रिकामी बाटली तेवढी उभी आहे. संक्रांतीला मामेभाऊ येतोय. तेव्हा अमृत आणि गोव्याची पॉल जॉन हिच्या शेजारी ठेवून तिन्ही एका ओळीत चाखायच्या, लेबलं झाकून. मामांना खात्री आहे की ते ओळखतील. मला एवढीच उत्सुकता आहे की उन्हातली पाच-सहा वर्षं आणि थंडीतली पंचवीस वर्षं ग्लासात शेजारी शेजारी कशी दिसतात. त्याआधी ओलोरोसो या प्रकारच्या शेरीची एक बाटली मिळवायची आहे, म्हणजे पिंपाने व्हिस्कीला काय दिलं ते मुळापासून कळेल. नाशकात मला कुठे दिसली नाही. मुंबईत कोणी पाहिली असेल तर कळवा.